थंडीत उघडणारी माहेरं

आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेले की आपल्याकडे जुन्या घरांचे दिवस सुरू होतात. २८ नोव्हेंबरला पुण्यातला फुलेवाडा, ६ डिसेंबरला दादरचं राजगृह, ३ जानेवारीला नायगावचं सावित्रीबाईंचं घर आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजाचा लखुजीराव जाधवांचा राजवाडा. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी. कुणी ठरवून आखलेलं नाही, पण सगळ्या तारखा नेमक्या स्वेटरच्या दिवसांत येऊन बसल्या आहेत. बुलढाण्याच्या मे महिन्यातल्या उन्हात एकदा सिंदखेडराजाला जाऊन या, म्हणजे १२ जानेवारी किती सोयीची आहे ते कळेल.

या दिवसांत तिथे जाणारी माणसं पर्यटक नसतात. पर्यटक आधी विचारतो, तिकीट किती, फोटो काढलेला चालेल का. ही माणसं पाहुणी जावीत तशी जातात. पुस्तकांसाठी बांधलेलं राजगृह बघतात आणि शिवाजी पार्कवर येऊन पिशवीभर पुस्तकं विकत घेतात. फुलेवाड्यात गेली की आधी हौदाकडे जातात. जोतीरावांनी १८६८ साली तो अस्पृश्यांना खुला केला, हे तिथल्या फलकावर वाचून झालेलं असतं, तरी काठावरून वाकून आत पाहिल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. बापाने पाहिलं की पोरगंही टाचा वर करतं.

सगळ्यात मोठी गर्दी सिंदखेडराजाला. रात्रभर जीपा, टेम्पो, एसट्या येत राहतात. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, कुणी शेकोटीपुढे हात धरून बसलेलं. राजवाड्याच्या दगडी दरवाजातून आत शिरलं की जिजाऊंच्या जन्मस्थळाशी रांग लागते. एका वर्षी माझ्या पुढे एक आजी होत्या. उंबऱ्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला, कमरेची चंची सोडून कुंकवाची पुडी काढली, आणि मागे न बघताच नातीला म्हणाल्या, "चप्पल काढ वं, माहेर हाय ते." दर्शन झाल्यावर उन्हाचा तुकडा शोधून तिथेच बसल्या. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, वर तेलात परतलेला हिरवा ठेचा, कांदा बुक्कीने फोडलेला. मला विचारलंसुद्धा, "घेता का चतकोर?" पुरातत्त्व खात्याच्या नियमात हे बसत नसेल, पण माहेरी जाऊन न जेवता परत यायचं असतं का?

त्या "माहेर"वर मी बरीच वर्षं अडकून आहे. वाडा लखुजीरावांचा. निजामशाहीतले मातब्बर सरदार, १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर दगा होऊन मुलांसकट मारले गेले. गावात त्यांची समाधीही मोठी आहे. पण बारा जानेवारीला येणारी गर्दी लेकीसाठी येते. नायगावचंही तसंच. घर खंडोजी नेवसे पाटलांचं. त्यांची लेक १८४० साली लग्न होऊन पुण्याला गेली. दोन्ही घरांच्या मुली लहानपणीच उठून गेल्या, आणि आज ती घरं ओळखली जातात ती गेलेल्या मुलींमुळे. मुलगी म्हणजे परक्याचं धन म्हणणाऱ्या आपल्या मुलखात हे बघायला मला फार आवडतं. त्यातून पुढे दोन दिवसांवर संक्रांत, तीही लेकीबाळींचीच.

शनिवारवाड्याचं मात्र असं काही जमलं नाही. त्याच्याही तारखा थंडीतल्याच: १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. पण १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं, जोती उरली. त्यांच्यावर बसून कोवळं ऊन खायला मस्त वाटतं, एवढं खरं. तिथे कुणी कुंकवाची पुडी सोडताना मी पाहिलेलं नाही.

बाकीचं वर्ष या घरांचं कसं जातं ते फारसं सांगण्यासारखं नाही. दुपारी पेंगणारा रखवालदार, कोपऱ्यात कबुतरं, भिंतीवर कुणी बदामात कोरलेली दोन नावं. ती नावं कोरणाऱ्यांना एखाद्या जानेवारीत त्या आजींच्या ताब्यात द्यायला हवं.

तीन जानेवारीचा आणखी एक उत्सव या घरांपासून लांब, शाळाशाळांत चालतो. सकाळी साडेसातला रिक्षातून एकामागून एक सावित्रीबाई उतरतात. नऊवारी, डोक्यावरून पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पाटी. आमच्या सोसायटीच्या गेटवर यंदा अशाच एका सावित्रीबाईंचं आईशी वाजलं होतं. आईचं म्हणणं, आत स्वेटर घाल, सर्दी होईल. हिचं म्हणणं, दिसेल तो.

"सावित्रीबाईंनीसुद्धा थंडीत शाल घेतलीच असेल ना गं?" आईने शेवटचं अस्त्र काढलं.

"फोटोत नाहीये," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि स्वेटर आईच्या पिशवीत गेला.