क्योतोतली चूल

घरी दिवाळीच्या फराळाचे डबे आता तळाला लागले असतील. इकडे क्योतोत नोव्हेंबर लागला, आणि जपानी चहाविधी शिकणाऱ्यांचं नवं वर्ष याच महिन्यात सुरू होतं. मी दर शनिवारी ज्या सेन्सेईंकडे, म्हणजे गुरूंकडे, हा विधी शिकायला जाते, त्यांच्या खोलीत परवा 'रो' उघडली. रो म्हणजे तातामीच्या (गवती चटयांच्या) जमिनीत चौकोनी खड्डा करून बसवलेली चूल. मे ते ऑक्टोबर ती झाकलेली असते. तेव्हा पाणी 'फुरो' नावाच्या शेगडीवर, पाहुण्यांपासून जरा लांब तापवतात. थंडी आली की विस्तव जमिनीत उतरतो आणि पाहुण्यांच्या जवळ सरकतो. उन्हाळ्यात त्यांना धग लागू नये, हिवाळ्यात ऊब मिळावी, एवढ्यासाठी. पण तेवढ्यासाठी यजमानाने बसायचा कोन बदलतो, पळी टेकवायची पद्धत बदलते. सहा महिने हातात बसवलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून गिरवायचं.

सोळाव्या शतकातले चहागुरू सेन नो रिक्यू यांची एक गोष्ट इथे सगळ्यांना सांगतात. शिष्याने चहाचं मर्म विचारलं. रिक्यू म्हणाले, चहा पिण्याजोगा कर, पाणी उकळेल असा कोळसा रच, फुलं रानात असतात तशी ठेव, उन्हाळ्यात गारवा दे, हिवाळ्यात ऊब दे, वेळेच्या थोडं आधी तयार राहा, पाऊस नसला तरी छत्रीची सोय कर, सोबतच्या पाहुण्यांचं मन राख. शिष्य म्हणाला, हे तर मला ठाऊकच आहे. त्यावर रिक्यू म्हणाले, हे सगळं तुला करता आलं, तर मीच तुझा शिष्य होईन.

चहाचं तत्त्वज्ञान म्हणून आपण काहीतरी फार गूढ ऐकायच्या तयारीने येतो. निदान मी तरी तशीच आले होते. त्याचं एक मूळ खरंच ध्यानात आहे, आणि तो शब्दही आपलाच: 'ध्यान' चीनमध्ये 'चान' झालं आणि जपानात 'झेन'. एइसाई हा झेन भिक्षू ११९१ साली चीनहून परतला आणि त्याच्यामुळे चहा इथे रुजला, कारण ध्यानाला बसताना झोप आवरायला तो उपयोगी पडे. पुढे सरदारांनी महागडी चिनी भांडी मांडून चहाच्या मैफली भरवल्या. मुराता जुको, मग ताकेनो जोओ, मग रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूंनी तो डामडौल उतरवत नेला. साधेपणातल्या या सौंदर्याला 'वाबी' म्हणतात.

रिक्यूंचे धनी होते तोयोतोमी हिदेयोशी, जपानचे सर्वसत्ताधीश. त्यांनी सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली. रिक्यूंची म्हणून मानली जाणारी 'ताइआन' ही खोली मात्र क्योतोजवळ यामाझाकीला आजही उभी आहे: मातीच्या भिंती आणि जेमतेम दोन तातामी. तिचं दार जेमतेम अडीच फूट उंच. तलवार बाहेर ठेवून, वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत जावं लागतं, मग तो सरदार असो की व्यापारी. १५९१ मध्ये हिदेयोशींनी रिक्यूंना आत्महत्येची आज्ञा दिली. नेमकं कारण काय, यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. मला त्या दोन खोल्याच एकमेकींसमोर दिसत राहतात.

परवा मी पाहुणी होते. आधी गोड म्हणून झेन्झाई, म्हणजे अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गरम गोड सूप मिळालं, आणि मग माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा. वाडगा हातात घेण्याआधी शेजारच्या आजींकडे वळून 'ओसाकिनी' म्हटलं. म्हणजे, तुमच्याआधी घेते हं. वाडग्यालाही दर्शनी बाजू असते. यजमान ती पाहुण्याकडे करून ठेवतो, आणि त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून पाहुणा वाडगा थोडा फिरवून पितो. चांगली बाजू दोघंही एकमेकांसाठी राखतात. पहिल्या वर्षी मी हे फिरवणं फक्त पाठ केलं होतं.

पुढच्या शनिवारी रोसमोर यजमान म्हणून बसायची पाळी माझी. आजींचे गुडघे दुखतात, तेव्हा त्यांना चुलीजवळची जागा द्यावी का, हे सेन्सेईंना विचारायचं आहे.