करंगळीएवढी जागा

2024 ची गणेशचतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी होती. भांडुपमध्ये गॅरेज चालवणाऱ्याला चतुर्थीच्या आधीचा आठवडा कसा जातो ते वेगळं सांगायला नको. अर्धं भांडुप कोकणात निघालेलं असतं आणि प्रत्येकाला ब्रेक, कूलंट, एसी एकाच दिवशी बघून हवं असतं. गुरुवारी दुपारी लाल स्विफ्ट आत वळली तेव्हा माझ्यापुढे सहा गाड्या उभ्या होत्या. दारातल्या गटाराच्या झाकणावरून तिचं मागचं चाक उतरलं आणि खालून ‘ठक्क’ असा कोरडा आवाज आला. मी हातातला पाना खाली ठेवला. त्या गाडीला खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मीच जूनच्या शेवटी बसवल्या होत्या.

गाडी मुलगा चालवत नव्हता, त्याचे वडील चालवत होते. म्हणाले, “मिस्त्री, उद्या पहाटे गावी निघायचंय. आमची आई म्हणते मागे बसलं की पाठीत धक्का बसतो. जरा बघता का?”

“गाडीत किती जण जाणार?”

“आम्ही पाच. आणि सामान.”

हा प्रश्न मी जूनमध्ये त्यांच्या मुलाला विचारायला हवा होता. तेव्हा मी फक्त विचारलं होतं, किती खाली हवी? तो म्हणाला, चाळीस मिलिमीटर. पोराने पगारातून पैसे बाजूला काढून चांगल्या स्प्रिंगा आणल्या होत्या. कुठे कॉइल कापून आणला असता तर मी हातसुद्धा लावला नसता. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, चाक लटकलं की जागेवरून निसटते, आणि ग्राइंडरच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच. त्याचा माल खरा होता, म्हणून मी मन लावून काम केलं. मला स्वतःला अशी गाडी आवडते. टायर आणि मडगार्डमधली मोकळी जागा भरली की स्विफ्ट रस्त्याला धरून उभी राहते. अलाइनमेंट करून आम्ही दोघं ईस्टर्न फ्रीवेवर चक्कर मारून आलो तेव्हा वळणावर ती पूर्वीसारखी कलंडत नव्हती. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण त्या दिवशी गाडीत आम्ही दोघंच होतो.

वडिलांना मी म्हटलं, मुलाला बोलवा. तो ऑफिसमधून धावत आला. आल्या आल्या म्हणाला, “काका, शॉकॉब्झर गेला असेल, बदलून टाका ना.” उजवा मागचा शॉकॉब्झर खरंच गेला होता. त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ होता आणि त्यावर धूळ चिकटून काळी खीर झाली होती. पण तो का गेला, हे त्याला डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी नवा घालणार नव्हतो.

डाव्या शॉकॉब्झरचं रबरी आवरण वर सरकवलं. चकचकीत दांडीवर वायरी बांधायचा प्लॅस्टिकचा टाय घट्ट आवळला आणि खाली ढकलून शॉकॉब्झरच्या डब्याला टेकवला. डबा जितका वर चढेल तितका तो टाय वर ढकलला जातो आणि तिथेच अडकून राहतो. चाकाने किती उडी घेतली त्याची खूण राहते. पहिली चक्कर मी आणि तो मुलगा, शाळेपुढच्या स्पीड ब्रेकरवरून. परत येऊन टॉर्च मारला. टाय वर सरकला होता, पण तो आणि वरचं बंपचं रबर, म्हणजे चाक फार वर आलं की आदळ झेलणारं रबर, यांच्यात दोन बोटं जात होती. मग मागच्या सीटवर वडील, माझा पोऱ्या आणि शेजारचा पंक्चरवाला बसले आणि डिकीत ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या ठेवल्या. गाडी जागच्या जागीच आणखी चार सेंटीमीटर बसली, टेपने मोजलं. त्याच स्पीड ब्रेकरवरून, त्याच वेगाने गेलो. ठक्क.

मुलाला म्हटलं, आता तू झोप खाली. टॉर्च त्याच्याच हातात दिला. बराच वेळ तो काही बोलला नाही. टाय रबरात रुतून चेपला होता आणि रबराला खालून गोल वळ उठला होता. आम्ही पाच जण अजून गाडीतच बसलो असतो तर उभ्या गाडीत त्या रबराखाली जेमतेम करंगळी गेली असती. आजीच्या पाठीत बसत होता तो हाच धक्का. स्प्रिंग काम करायच्या आधीच गाडी रबरावर येत होती, आणि प्रत्येक खड्ड्याला शॉकॉब्झरचं सील मार खात होतं.

तो म्हणाला, “पण काका, स्पीड ब्रेकर तर सगळीकडे सारखेच असतात ना?” नसतात, आणि याची मला मनापासून चीड आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकातला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटीमीटर उंच. या स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.43 मीटर अंतर. गाडी मधोमध आली की चारही चाकं त्याच उंचवट्यावर असतात, त्यामुळे पोटाखाली साडेचार सेंटीमीटरच्या आतबाहेर उंची येते. चाळीस मिलिमीटर खाली केलेली गाडीही त्यावरून आरामात जाते. आपल्या गल्लीतला ब्रेकर मात्र कुणीतरी रातोरात ओतलेला डांबराचा वरवंटा. त्याची सगळी उंची थेट पोटाखाली येते. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी उंची, 170 मिलिमीटर, त्यातले चाळीस स्प्रिंगांनी खाल्ले, पाच माणसं आणि सामान यांनी आणखी चार सेंटीमीटर. उरलं काय? आणि गल्ली संपल्यावर पुढे पेण, वडखळ, कोलाड, माणगाव. ज्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललं होतं, त्या रस्त्यावर आजीला मागे बसवून मी ही गाडी पाठवणार नव्हतो.

“जुन्या स्प्रिंगा कुठे आहेत?”

“माळ्यावर. तुम्हीच म्हणाला होता, विकू नको.”

वडिलांना मी सरळ सांगितलं, “भाऊ, मुलाची चूक नाही. घरात माणसं किती ते मी विचारलं नाही, चूक माझी आहे. मागच्या शॉकॉब्झरची जोडी तेवढी घ्या, मजुरी मी घेणार नाही.” ते काही बोलले नाहीत, सीटवरची पिशवी उचलून मुलाबरोबर स्प्रिंगा आणायला घरी गेले.

सहा गाड्या आटोपून रात्री नऊला आम्ही स्विफ्ट घोडीवर चढवली. मागचं काम सोपं, स्प्रिंग आणि शॉकॉब्झर वेगवेगळे. पुढे दोन्ही एकात असलेला स्ट्रट उतरवावा लागतो. स्प्रिंग कंप्रेसरने दोन्ही बाजूंनी सारखी दाबून मगच मधला नट सोडायचा. दाबल्याशिवाय नट सोडला तर वरची वाटी बंदुकीच्या गोळीसारखी उडते, म्हणून तेवढा वेळ मी पोऱ्याला मागे उभं केलं. मुलगा स्वतः पाने देत होता. एका गोष्टीला तो वैतागला. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बोल्ट मी नुसते हाताने लावून सोडले होते. “कसून टाका ना काका, बारा वाजले.” चाकं हवेत लटकत असताना बोल्ट कसले तर त्यांच्या सांध्यातल्या बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरली की कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. चाकं जमिनीवर टेकवली, गाडी हलवून बसू दिली आणि मग झोपून एकेक बोल्ट कसला. शेवटी हेडलाइटचं बटण दाखवलं. मागे वजन आलं की पुढचे दिवे वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. सामान भरल्यावर ते बटण खाली फिरवायचं.

डावीकडचा नवा शॉकॉब्झर बसवताना त्याच्या दांडीवर मी पुन्हा एक टाय आवळून ठेवला.

अलाइनमेंटवाला पहाटे उघडणार नव्हता, म्हणून दोरी लावून पुढची चाकं जमतील तेवढी सरळ केली आणि गावी पोचल्यावर चिपळूणला करून घ्या म्हणून सांगितलं. साडेचारला ते निघाले. दारातल्या झाकणावरून गाडी उतरली तेव्हा मी कान देऊन उभा होतो. टायरचा आवाज आला, बाकी काही नाही.

शनिवारी दुपारी आमच्याकडे आरती चालू असताना फोन वाजला. मागून झांजा ऐकू येत होत्या.

“काका, आत्ता गाडीखाली झोपून बघितलं. टाय रबरापासून दीड बोट खाली आहे.”

“आणि आजी?”

“माणगावपर्यंत झोपली होती.”