तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे मोठे हेडफोन कशाला?

गळ्यात अडकवलेले हेडफोन दिसले की प्रश्न ठरलेला. "कानात मावतील एवढेसे बड्स मिळतात, हे धूड कशाला बाळगतेस?" आणि ते विचारून झालं की जरा हळू आवाजात दुसरा: "बरं, मलाही घ्यायचाय. कुठला घेऊ?" दोन्हींची उत्तरं मी एसटीत, ऑफिसच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत दिलीत आणि प्रत्येक वेळी ती अर्धवट राहिलीत. समोरच्याला मॉडेलचं नाव हवं असतं आणि मला कानाचं सांगायचं असतं.

माझं काम ऐकण्याचं आहे. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती लिहून काढायची. कागल ते कोल्हापूर जाता-येता एकदा ऐकून घेतलं की टेबलावर हात भराभर चालतो. म्हणजे हेडफोन हा माझा शौक नाही, पोटापाण्याचा भाग आहे. पूर्वी प्रवासात मीही बड्सच घालायची.

एका जुलैत कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली होती. घरात दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नव्हते. आधी उजव्या कानात नुसती खाज सुटली. केस ओले, कान ओला, त्यावर बड बसवायचा आणि स्टँड गाठायचा, हे रोजचंच होतं. मग कान गच्च झाला, स्वतःचंच बोलणं डोक्यात घुमायला लागलं. आईनं लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडलं. आमच्याकडं कान दुखला की हेच करतात, तिच्या आईनंही केलं असेल, आणि त्यासाठी मी तिला आजही एक शब्द बोलणार नाही. पण दुसऱ्या दिवशी भाकरी चावता येईना. जबडा हलला की कानापासून मानेपर्यंत कळ जायची.

राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरांनी आतलं स्क्रीनवर दाखवलं. ओल्या टीपकागदासारखा राखाडी थर आणि त्यावर काळे बारीक ठिपके. बुरशी. "पावसाळ्यात असे पेशंट रोज असतात," ते म्हणाले. "तेल घातलंत?" मी मान हलवली. "बड्समुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण ओला कान तासन्‌तास बूच मारून ठेवलात, वर तेल सोडलंत. बुरशीला अजून काय पाहिजे?" मग सक्शनची नळी आत गेली. तो आवाज इतका मोठा असतो की मी खुर्चीचे हात घट्ट धरले, आणि नळी बाहेर आली तरी खोली फिरतच होती. पुन्हा दोनदा जावं लागलं. घरी बुरशीवरचे थेंब, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, आणि कानात काही म्हणजे काही घालायचं नाही.

दुखणं विसरले असते. विसरत नाही ते हातातून गेलेलं काम. एका वयस्कर गवयांची मुलाखत होती. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते त्या काळाबद्दल, वडिलांकडून ऐकलेलं ते सांगत होते. आवाज थकलेला, मधेच खोकला, नावं तोंडातल्या तोंडात. ती मला अर्धी ऐकून परत द्यावी लागली. दुसऱ्याकडून लिहून आली तेव्हा भुर्जीखाँसाहेबांचं नाव ठिकठिकाणी वेगवेगळं पडलेलं, आणि खाँसाहेबांच्या या दोन मुलांपैकी मंजीखाँ कुठं आणि भुर्जीखाँ कुठं याचा मेळ नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना दोष देत नाही. मला ते नीट ऐकू आलं असतं, एवढंच मला माहीत आहे.

मावसबहीण म्हणते, "मी तर इतकी वर्षं बड्सच घालतो की, मला काय झालंय?" तिला काही झालेलं नाही, होऊही नये. कान ज्याचा त्याचा. पण मला "लई मनावर घेतीस तू" म्हणू नका.

आता दुसरा प्रश्न. कोल्हापुरात खोका उघडून हेडफोन डोक्यावर चढवून देणारं दुकान मिळवायलाच मला वेळ लागला. "सील तोडलं की घ्यावा लागेल" असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. आणि मिळालाच घालून बघायला, तर दोन मिनिटांत काढू नका. पहिल्या दोन मिनिटांत सगळेच मऊ लागतात. वीस मिनिटांनी टाळू आणि कानाची पाळी खरं सांगतात. कान कपात पूर्ण आत बसला पाहिजे. कडेला टेकता कामा नये, आणि आतल्या जाळीलाही टेकता कामा नये. ही खोली कुणी बघतच नाही, आणि माझा कान नेमका तिथंच दुखतो. माझा कान सहा सेंटिमीटर उंच आहे. हसू नका, पट्टी घेऊन तुमचाही मोजा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. जाड काडीवर गादी दाबली की आधी कानामागं दुखतं, आणि काडीशेजारच्या फटीतून खालचे सूर निसटतात.

वजनाचे आकडे तर कंपनीच्या वेबसाइटवरच असतात. सोनीचा सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. दुप्पट वजन मानेवर घेऊन रोज जायचं का, ते तुम्ही ठरवा. पिशवीत घडी होते का तेही बघा. सोनीचा एक्सएम४ घडी होऊन मुठीएवढा नाही तरी आटोपशीर होतो. २०२२ च्या एक्सएम५ ची ती घडीच काढून टाकली होती, आणि २०२५ च्या एक्सएम६ मध्ये परत आणली. गर्दीच्या एसटीत मांडीवर डबा, छत्री आणि पर्स असते तेव्हा हे फार महत्त्वाचं असतं.

पूर्वीची मी यावर भांडली असती. तिचं म्हणणं, आवाज आधी, थोडं दुखलं तर सोसावं. म्हणून तिनं लांब गुंडाळीच्या वायरचा स्टुडिओतला हेडफोन आणला होता, शिकंज्यासारखा आवळणारा. दुखायला लागलं की ऐकणं संपतं, हे मी तिला आज सांगेन. पण तिचं सगळं खोटं नव्हतं. पकड अगदीच सैल असेल तर महामार्गावर इंजिनाची घरघर आत येते, मग आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ऐकणार असाल तर ८० डेसिबलच्या पुढं जाऊ नका म्हणते, आणि माझे तर कामाचेच तास तितके होतात. नॉइज कॅन्सलिंगचा, म्हणजे बाहेरचा एकसुरी आवाज मारणाऱ्या सोयीचा, उपयोग इथं होतो. ती घरघर जाते आणि आवाज कमीवर भागतो. शेजारच्या सीटवरची भांडणं मात्र पूर्ण जात नाहीत, ती बरीचशी ऐकू येतातच.

आणि हो, मोठा हेडफोन घेतला म्हणजे कान सुटला असंही नाही. रेक्झिनच्या गादीखाली मे महिन्यात घाम साठतो, पावसाळ्यात ते रेक्झिन सोलवटतं. म्हणून गाद्या बदलता येणारा हेडफोनच घ्या, आणि घ्यायच्या आधी त्या गाद्या सुट्या मिळतात का ते विचारा. मी यंदा कापडी चढवल्यात. कान कोरडा राहतो, पण सील ढिलं पडलंय आणि व्हॉल्यूम दोन घरं वर गेलाय. यातलं काय बरं, ते माझं अजून ठरलेलं नाही. कागल-कोल्हापूरसारख्या रस्त्यावर कुणी चष्म्यासकट कापडी गाद्या वापरत असाल, तर तुमचा व्हॉल्यूम कितीवर असतो ते मला सांगा.