मलप्रभेकाठी दीड दिवस: कणकुंबी ते खानापूर, बाटल्या घेऊन

नदीच्या पाण्यात ऑक्सिजन किती हे तपासायची पहिली बाटली खानापूरच्या घाटावर भरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि तिथंच आमचं चुकलं. ते पुढे सांगतो, आधी वाट.

बेळगावहून सकाळी सहाला निघालो. मी, भाचा आणि शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे मास्तर. चोर्ला रस्त्यानं जांबोटी करून कणकुंबी गाठली. मलप्रभा इथं उगम पावते आणि ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कणकुंबीचं नाव पेपरात येतं ते म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कळसा-भांडुरा कालव्यामुळं. २०१८ साली म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादानं त्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. पाणी किती मिळणार यावर आमच्याकडं पोरासोरांनाही बोलता येतं. जे नदीत आहे ते कसलं आहे, हे कुणी विचारत नाही. म्हणून ही खेप.

उगमाच्या कुंडात बाटली बुडवू नका. ते तीर्थ आहे, लोकांच्या मनाला लागतं. पुजाऱ्यांना सांगून आम्ही खाली वाहत्या ओहोळातलं पाणी घेतलं. तिथंच कडेच्या जांभ्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला आणि भाचा ओरडला, "मामा, तेल!" मास्तरांनी वाळकी काडी घेतली नि तवंगावरून ओढली. तवंगाचे पापडासारखे तुकडे झाले आणि ते तसेच सुटे राहिले. ते तेल नव्हतं, लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची साय होती. खाली नारिंगी गाळ होता तोही त्यांचाच. खनिज तेलाचा तवंग काडीमागं लगेच पुन्हा सांधतो. ही काडीची परीक्षा फुकटची आहे, पण ती न करता "नदीत तेल सोडलं" असा फोटो गावभर फिरवू नका.

वाटेत हब्बनहट्टीला नदीपात्रातल्या मारुतीचं दर्शन घेतलं. मग असोग्याला रामलिंगाच्या देवळाखाली दुसरा नमुना. असोगा खानापूरच्या वर येतो, म्हणून तो फार मोलाचा. गावाच्या खालची एकटी बाटली काही सिद्ध करत नाही. वरची आणि खालची अशी जोडी हवी, म्हणजे मधल्या वस्तीनं नदीत काय घातलं ते कळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत मलप्रभेचा खानापूर ते रामदुर्ग हा पट्टा प्रदूषित म्हणून आहे. म्हणजे हा पट्टा सुरू होतो तो नेमका इथूनच.

आता चुकीचं. ऑक्सिजनच्या चाचणीत काचेची बाटली काठोकाठ, आत बुडबुडा न ठेवता भरायची आणि दोन रसायनं थेंबथेंब घालायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. दुपारी दोनला सांडपाण्याच्या नाल्याखाली चांगला तपकिरी साका बसला. मला बरं वाटलं. मास्तर गप्प होते. "शेवाळ बघा," म्हणाले. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, त्यामुळं घाण पाणीही दुपारी चांगलं वाटतं. खानापुरात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी पुन्हा नाल्याखाली गेलो. त्याच जागी साका इतका फिकट आला की बॅटरीच्या उजेडात दुधासारखा दिसला. आंघोळीसाठीच्या नदीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा असा नियम आहे. तुम्ही जाल तर सगळे नमुने पहाटेच घ्या, निदान प्रत्येक बाटलीवर वेळ लिहा. रसायनांपैकी एक कातडी भाजणारं आहे, हातमोजे घाला.

गाड्या धुतात तिथं काडी पुन्हा ओढली. या वेळी रंग काडीमागं मिटून आले. तेलाचा नमुना प्रयोगशाळेला द्यायचा असेल तर रुंद तोंडाची काचेची बाटली न्या. प्लास्टिकला तेल चिकटून राहतं. बाटली नदीत विसळूही नका.

पाण्यात मैला मिसळला आहे का ते पाहायला एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणाऱ्या) बाटल्या नेल्या होत्या. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. ही चाचणी भारतातच निघाली, १९८२ साली छापून आली. प्रवाहाकडं तोंड करून उभं राहायचं, हाताला लागलेलं पाणी बाटलीत येऊ द्यायचं नाही, खुणेपर्यंत भरायचं, उबेत ठेवायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं झालं तर मैला मिसळल्याची दाट शंका. पण जमिनीतल्या काही जिवाणूंमुळंही ते काळं होतं, म्हणून एका बाटलीवर कुणावर आरोप करू नये. मोजून आकडा हवा तर प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. काळी झालेली बाटली ब्लीचिंग घालूनच ओता. गावपातळीवर जलजीवन मिशनमधून पाणी तपासायचं किट आणि शिकवलेल्या पाच बायका असतात. त्यांना आधी भेटा, आम्ही भेटलो नाही याची रुखरुख आहे.

जायचं ते फेब्रुवारी-मार्चात. धार बारीक असते, घाण लपत नाही. कणकुंबीकडं मोबाइलला रेंज नीट मिळत नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. रानात अस्वलं आहेत, अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा. नदीच्या तक्रारीचा अर्ज कचेरीत द्यायचा तर तो कन्नडमध्ये लिहून घ्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

घाटावर कपडे धुणाऱ्या एका मावशींनी विचारलं होतं, "काय वो, पाणी कशाला भरून घ्यायलाय?" सांगितल्यावर त्यांनी पट्टीची एक बाटली मागून घेतली. तिथंच भरली, पदराला पुसली, घरी कपाटात शालीत गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन. "पट्टीच्या कडेनं आधी काळं झालं, आता सगळंच काळं." थोडं थांबून म्हणाल्या, "पुढच्या बारीला दोन जास्त आणा. आमचा आड नदीपासनं लांब नाही."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुन्हा जातोय. बाटल्या चोवीस घेतल्या आहेत.