‘मेंदूतलं केमिकल बिघडलंय’ याने खरंच धीर येतो का?

डिप्रेशनचं निदान झालेल्या माणसाला आपण सगळे एकच सांगतो, की अरे तुझा काही दोष नाही, मेंदूतलं केमिकल कमीजास्त झालंय, डायबिटीससारखंच आहे हे. हेतू चांगलाच असतो, पण ते ऐकून त्या माणसाच्या मनात पुढे काय चालतं याचा विचार फारसा होत नाही. मी स्वतः अँग्झायटीसाठी गोळ्या घेते, म्हणून हा विषय मला फार जवळचा आहे.

2014 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. डिप्रेशन येऊन गेलेल्या किंवा चालू असलेल्या विद्यार्थ्यांची एक खोटी टेस्ट केली आणि त्यातल्या काहींना सांगितलं की तुझ्या डिप्रेशनचं कारण केमिकल इम्बॅलन्स आहे. आता अपेक्षा अशी की निदान स्वतःला दोष देणं तरी कमी होईल, पण तेही झालं नाही, उलट आपण यातून बरे होऊ ही आशा कमी झाली, मूड आपण सांभाळू शकतो हा विश्वासही घटला आणि थेरपीपेक्षा गोळ्याच खऱ्या असं वाटायला लागलं.

गोळ्या वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला त्यांचा उपयोग झालाय. पण ‘माझा मेंदूच असा’ हे एकदा डोक्यात बसलं की हातपाय गळतात.

पॅट्रिक कॉरिगन या मानसशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलंय. लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते आधी आपल्याला माहीत असतं, मग ते पटायला लागतं, मग आपण ते स्वतःला लावून घेतो आणि मग स्वतःची किंमत स्वतःच्याच नजरेत उतरते, आणि तिथून ‘कशाला प्रयत्न करायचा’ सुरू होतं, म्हणजे नोकरीचा अर्ज भरायचा नाही, मैत्रिणीचा फोन घ्यायचा नाही, डॉक्टरची अपॉइंटमेंट टाळायची, कारण माझ्यासारखीला काय उपयोग. पण लोकांचं बोलणं माहीत असलं म्हणून ते पटलंच पाहिजे असं नाही ना! काही जणांना ते ऐकून चक्क राग येतो, आणि तो राग मला फार निरोगी वाटतो.

म्हणून कारण सांगायचंच तर पूर्ण सांगा. अनुवंशिकता असते, झोप असते, लहानपणी सोसलेलं असतं, एकटेपणा असतो, कामाचा ताण असतो, आणि मेंदू काही दगड नाही, तो आयुष्यभर बदलत राहतो, थेरपीनेसुद्धा बदलतो. बरेच जण बरे होतात, काहींना पुन्हा त्रास होतो आणि ते पुन्हा सावरतात, हेही त्याच वेळी सांगा, निदानाच्या दिवशीच, कारण नंतर तो माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असेलच असं नाही.

आणि आजाराबद्दल कोणाला सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगायलाच हवं असं काही नाही, एखाद्या भरवशाच्या माणसापासून सुरुवात केली तरी पुरे.