दहा टक्के कमी होतील का?

जर्मनीतल्या लाइपझिगला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी एक अस्सल पुणेरी चूक केली. घराजवळच्या पुस्तकांच्या दुकानात व्याकरणाची दोन पुस्तके आणि लेकीसाठी गोष्टींचे एक, अशी तीन पुस्तके काउंटरवर ठेवली आणि तीन घेतली आहेत तर दहा टक्के कमी होतील का, असे सहज विचारले. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की, तसे केल्यास तो कायद्याचा भंग ठरेल. माझ्या कच्च्या जर्मनमुळे ऐकण्यात काहीतरी गफलत झाली, असेच मला वाटले.

गफलत नव्हती. इथे नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती प्रत्येक विक्रेत्यावर बंधनकारक असते. कायदा २००२ चा आहे, पण प्रथा १८८८ पासूनची, आणि ती सुरू करणारी पुस्तक-व्यावसायिकांची संघटना १८२५ मध्ये याच लाइपझिगमध्ये स्थापन झाली होती. संकेतस्थळावरचा महाकाय विक्रेता असो, स्टेशनातले साखळी दुकान असो की आमच्या गल्लीतल्या या बाई, पुस्तक सगळीकडे एकाच किमतीला मिळते. दीड वर्षानंतर प्रकाशक हे बंधन उठवू शकतो, आणि ‘सदोष प्रत’ असा शिक्का मारलेले पुस्तक स्वस्तात विकता येते. माझ्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाला सवलतीच्या वाटा जवळपास एवढ्याच.

मला आधी रागच आला. ग्राहकाने काय घोडे मारले आहे, असे मी घरी येऊन नवऱ्याला विचारले, आणि त्याच्या मते हे आजही व्यापाऱ्यांचे संगनमतच आहे. माझे मत मात्र हळूहळू बदलत गेले. खपाऊ कादंबरी कोणालाच स्वस्तात विकता येत नसल्यामुळे तिच्यावरचा नफा लहान दुकानाच्याही पदरी पडतो, आणि त्याच्या जोरावर वर्षाला जेमतेम दोन प्रती खपणारा कवितासंग्रह फळीवर टिकून राहतो. इंग्लंडमध्ये असाच करार १९०० पासून होता. १९९० च्या दशकात तो मोडला आणि खपाऊ पुस्तके सुपरमार्केटात भाजीपाल्याशेजारी सवलतीत मिळू लागली. किमतीची चढाओढच नसेल, तर दुकानदाराला गिऱ्हाईक टिकवण्यासाठी दुसरे काहीतरी द्यावे लागते.

ते दुसरे काहीतरी मी पाहिले. लेक आठ वर्षांची असताना बाईंनी मला काहीही न विचारता तिलाच विचारले की, शेवटचे कोणते पुस्तक तू अर्धवट सोडलेस आणि का. त्यातला कुत्रा मरणार असे वाटले म्हणून, असे लेकीने सांगितल्यावर बाई जमिनीवर मांडी ठोकून बसल्या, तीन पुस्तके पुढे पसरली आणि मला नम्रपणे नकाशांच्या कोपऱ्यात पाठवून दिले. मी निवडलेले जाडजूड, महागडे पुस्तक त्यांनी परत फळीवर ठेवले. पुस्तकविक्रेता होण्यासाठी इथे साधारण तीन वर्षांचे रीतसर प्रशिक्षण असते, हे मला पुढे कळले.

दुकानात नसलेले पुस्तक संध्याकाळी सांगितले, तर बहुतेक वेळा ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलेले असते, कारण घाऊक विक्रेत्यांच्या गाड्या रात्रभर धावतात. काउंटरमागच्या फळीवर आडनावाच्या चिठ्ठ्या लावलेली पुस्तके वाट पाहत असतात. जर्मन लोक जे-चा उच्चार य करतात, त्यामुळे मी तिथे गेली सहा वर्षे श्रीमती योगळेकर आहे, आणि ते दुरुस्त करण्याची इच्छा मला आता उरलेली नाही.

याचा अर्थ आपल्याकडे असे काही नव्हतेच, असा कोणी काढू नये. मुंबईचे स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ मध्ये टी. एन. शानभाग यांनी एका चित्रपटगृहाच्या आवारात सुरू केले आणि ते वाचकांमध्ये ओळखले जाई ते सवलतीसाठीच. पगार बेताचा असलेल्या माणसाच्या घरात पुस्तक गेले, ते त्या सवलतीमुळे. इथल्या कायद्याने त्याला दारातूनच परत पाठवले असते. अर्थात ते दुकान २०१८ मध्ये बंद झाले आणि आमच्या बाईंचे सुरू आहे, हेही मला दिसते. पुण्याचे मॅनीज तर त्याच्याही आधी, २०१२ मध्येच गेले. हे दोन्ही मुद्दे एकमेकांशी कसे जुळवावेत, यावर आमच्या घरी अजून एकमत झालेले नाही.

मी स्वतः इथे इमानाने पूर्ण किंमत देते. देण्यावाचून इलाजही नाही. डिसेंबरात पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकात मात्र पंधरा टक्के मागितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. तिथे कायद्याची मनाई नाही, आणि परतीच्या विमानात तेवीस किलोंच्या वर गेलेल्या मराठी पुस्तकांचे जे पैसे मोजावे लागतात, ते कुठून तरी वसूल व्हायला हवेतच.