एसीच्या मागचं अंडं

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला दोन त्रास, ट्रॅफिक आणि कबुतरं. ट्रॅफिकचं काही करता येत नाही म्हणून मी जाळीवाल्याला फोन केला, तो शनिवारी येतो म्हणाला आणि गुरुवारी सकाळी बघतो तर एसीच्या आउटडोअर युनिटमागे दोन पांढरी अंडी. घरटं म्हणजे काय, चार काड्या, झाडूचे दोन हीर आणि कुठूनतरी आणलेला एक केबल टाय. आई म्हणाली, "आता पिल्लं उडेपर्यंत हात नाही लावायचा हं."

लावला. साधारण पाचव्या दिवशी, सकाळी दहाला पाळी बदलते तेव्हा (दुपारभर नर बसतो, रात्रभर मादी, आमच्याकडच्या नवरा-बायकोंनी शिकावं असं शेड्यूल आहे) एक अंडं उचललं, बाथरूमचा लाईट बंद केला आणि खालून मोबाईलचा टॉर्च लावला. सगळं अंडं केशरी झालं आणि आत लाल शिरांचं बारीक जाळं, मधे एक ठिपका. तो धडधडतोय असं वाटलं, अर्थात माझा हातही थरथरत होताच.

ॲरिस्टॉटलने हेच केलं होतं, फक्त कोंबडीची अंडी घेऊन आणि फोडून. तिसरा दिवस उलटला की रक्ताचा एक ठिपका उड्या मारायला लागतो, असं त्याने लिहून ठेवलंय. तेव्हापासून आजतागायत गर्भाचा अभ्यास म्हटला की कोंबडी आलीच. कारण साधं आहे, बाळ आईच्या पोटात नाही, बाहेर कवचात आहे. अंडं गार ठेवलं तर काही दिवस गर्भ थांबून राहतो, ऊब दिली की सुरू, एकविसाव्या दिवशी पिल्लू. (फ्रीजमधली अंडी उबवायला जाऊ नका, तिथे कोंबड्याचा काही संबंधच आलेला नसतो.) आणि लॅबमध्ये चक्क कवचाला छोटी खिडकी कापतात, आत काम करतात आणि वर सेलोटेप लावून अंडं परत उबेला ठेवतात. सेलोटेप! आणि पिल्लू वाढत राहतं.

फ्रान्समध्ये निकोल ल दुआरँ बाईंनी 1969 च्या सुमारास लावा पक्ष्याच्या गर्भाचे तुकडे कोंबडीच्या गर्भात बसवायला सुरुवात केली. लाव्याच्या पेशी मायक्रोस्कोपखाली वेगळ्या ओळखू येतात, त्यामुळे कुठली पेशी कुठून निघून कुठे पोचली हे पत्ता लिहिल्यासारखं कळतं. पाठीच्या कण्याजवळून निघालेल्या पेशी पार कातडीपर्यंत जाऊन रंग भरतात, म्हणजे पांढऱ्या कोंबडीच्या पिल्लाच्या अंगावर लाव्याच्या गडद पिसांचा पट्टा.

पण मला खरा झटका बसला तो बोटांच्या गोष्टीने. 1968 मध्ये साँडर्स आणि गॅसलिंग यांनी कोंबडीच्या उगवत्या पंखाच्या मागच्या कडेचा इवलासा तुकडा काढून पुढच्या कडेला लावला, तर बोटं आरशात बघितल्यासारखी दुप्पट आली. त्या तुकड्यातून निघणाऱ्या सिग्नलचा जीन 1993 मध्ये सापडला, नाव ठेवलं सॉनिक हेजहॉग, व्हिडिओ गेमवरून, शास्त्रज्ञांची मुलं बहुतेक घरी गेम खेळत असणार. तोच जीन आपल्या हाताच्या बोटांनाही लागतो. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जादा अंगठा येतो, त्यांच्यात याच जीनचं चालू-बंद करणारं बटण बिघडलेलं सापडलंय. आमच्या आत्याला उजव्या हाताला दोन अंगठे आहेत. लहानपणापासून ऐकत आलोय, लक्ष्मीचा हात. तिचं कारण तेच का हे कोणी तपासलेलं नाही, पण मी त्या रात्री तिला फोन करून कोंबडीचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी कोंबडी का रे?"

अंडं मी दोन मिनिटांत परत ठेवलं होतं. बाबा कबूतर लगेच येऊन बसले, माझ्याकडे एका डोळ्याने बघत.

जाळीवाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, काढून टाकू? सगळे काढतात." स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "चहा घ्या आणि पुढच्या महिन्यात या." त्याने चहा घेतला, माप घेतलं आणि निघताना परत एकदा वाकून विचारलं, "मादी बसलीय ना?"

"नर आहे," मी म्हटलं, "दुपारची ड्युटी."